रोज एक, जेवणानंतर

हा आजार अनेकदा दुसऱ्याच कशाच्या तरी तपासणीत सापडतो. नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातल्या पिंपळगाव बसवंतमध्ये द्राक्षाची काढणी आटोपून एप्रिलची खरड छाटणी उरकली की अंगातला थकवा कुणी मनावर घेत नाही. राबणाऱ्याला थकवा यायचाच. चार घास खाल्ले की डाव्या बाजूला पोट गच्च वाटतं, रात्री घामाने बनियन भिजतं, वजन उतरतं. यातलं एकेक लक्षण उन्हावर, पित्तावर, कामाच्या ओढीवर ढकलता येतं आणि लोक ढकलतातही. मग कधी ताप हटत नाही म्हणून, कधी हर्नियाच्या ऑपरेशनआधी म्हणून सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी होते. पांढऱ्या पेशी असायला हव्यात साधारण चार ते अकरा हजार. कागदावर आकडा असतो १,८०,०००.

लॅबमध्ये हे रक्त काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की निदान जवळजवळ दिसूनच येतं. निरोगी रक्तात लाल पेशींच्या गर्दीत पांढरी पेशी शोधावी लागते. इथे जिकडे पाहावं तिकडे जांभळ्या केंद्रकांची दाटी, आणि त्यात सगळ्या वयाच्या पेशी. ज्यांनी पूर्ण वाढ होईपर्यंत हाडाच्या आत, मज्जेत राहायचं, त्याही बाहेर आलेल्या. काळसर-निळ्या जाड कणांनी भरलेले बेसोफिल एरवी क्वचित दिसतात. इथे ते पुन्हा पुन्हा नजरेला येतात. पोटाच्या डाव्या बाजूला बरगडीखाली हात घातला तर वाढलेली पाणथरी लागते. गच्च वाटत होतं ते त्यामुळे.

आजाराचं नाव क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, डॉक्टरांच्या बोलण्यात सीएमएल. घरच्यांना त्यातले दोनच शब्द ऐकू येतात: ब्लड कॅन्सर. रक्ताचे कॅन्सर अनेक आहेत. काही आठवड्यांत घात करतात, काही वर्षानुवर्षं नुसते रक्तात असतात. सीएमएल हा सुरुवातीला सावकाश चालणारा. त्याचा हा शांत टप्पा उपचाराविना तीन ते पाच वर्षं टिकायचा, मग आजार भडकायचा आणि थोड्या महिन्यांत माणूस जायचा. पाश्चात्त्य देशांत हा प्रामुख्याने साठीनंतरचा आजार. आपल्याकडच्या रुग्णालयांत येणारे रुग्ण मात्र बरेचसे तिशी-चाळिशीतले असतात. ज्यांच्यावर बाग, बँकेचं कर्ज आणि मुलांच्या फिया उभ्या आहेत, असे.

द्राक्षपट्ट्यात पहिला प्रश्न येतो तो फवारणीचा. औषधं मारून मारून झालं का? सीएमएलच्या बाबतीत नक्की सिद्ध झालेलं बाह्य कारण एकच आहे, मोठ्या मात्रेचा किरणोत्सर्ग. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांमध्ये हा आजार वाढलेला दिसला. बहुसंख्य रुग्णांत असं कुठलंच कारण सापडत नाही. तो आई-बापाकडून येत नाही, मुलांकडे जात नाही, ताटातून-कपातून लागत नाही. फवारताना मास्क आणि हातमोजे हवेतच, त्याला दुसरी पुष्कळ कारणं आहेत. पण नवऱ्याने बागेवर जास्त वेळ घालवला किंवा बायकोने जेवणाकडे लक्ष दिलं नाही म्हणून सीएमएल झाला, असं मनात धरून बसलेल्या घरांनी ते ओझं उतरवून ठेवावं.

आत नेमकं काय बिघडतं, याचा पहिला धागा १९६० मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात सापडला. पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड या दोघांना सीएमएलच्या पेशींत एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड दिसलं. एकाच आजारात, पुन्हा पुन्हा तेच. त्याला त्या शहराचं नाव मिळालं: फिलाडेल्फिया गुणसूत्र. तुटलेला तुकडा गेला कुठे, हे कळायला १९७३ साल उजाडलं. शिकागोच्या जॅनेट राउली गुणसूत्रांचे फोटो कात्रीने कापून घरच्या जेवणाच्या टेबलावर मांडून बसत. त्यांच्या लक्षात आलं की बावीस क्रमांकाचं गुणसूत्र जेवढं आखूड होतं, तेवढं नऊ क्रमांकाचं लांब होतं. दोघांनी तुकड्यांची अदलाबदल केली होती. कॅन्सरचं मूळ गुणसूत्रांच्या अशा मोडतोडीत असू शकतं, हे तेव्हा सहज मान्य होणारं नव्हतं. राउलीबाईंनी ते टेबलावर मांडून दाखवलं.

या अदलाबदलीत एक अपघात घडतो. नवावरचं एबीएल जनुक बावीसवरच्या बीसीआर जनुकाला जाऊन चिकटतं आणि दोघांच्या जोडणीतून नवंच प्रथिन तयार होतं, बीसीआर-एबीएल. मूळ एबीएल हे पेशीला वाढीचा निरोप देणारं विकर. गरज असेल तेव्हाच चालू होणारं. जोडलेलं विकर मात्र थांबतच नाही. पेशीतल्या एटीपी या ऊर्जा-रेणूचा फॉस्फेट उचलून ते दुसऱ्या प्रथिनांवर चढवत राहतं, आणि त्या प्रत्येक वेळी निरोप एकच जातो: वाढ. एका पेशीतल्या एका चुकीतून पुढे लाखो पेशी होतात त्या अशा.

आधीचे उपचार या चुकीपर्यंत पोहोचतच नव्हते. एकोणिसाव्या शतकात आर्सेनिकचा काढा होता, मग पाणथरीवर क्ष-किरण, १९५०च्या दशकात बुसल्फान, नंतर हायड्रॉक्सीयुरिया. यांनी आकडा उतरायचा, आजार चालूच राहायचा. इंटरफेरॉनच्या इंजेक्शनांनी काहींना बरीच वर्षं मिळाली, पण रोज तापल्यासारखं अंग घेऊन. खरा बरा करणारा उपाय अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा. डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ मध्ये परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात भारतातलं पहिलं प्रत्यारोपण केलं. पण त्यासाठी जुळणारा भाऊ किंवा बहीण हवी, पैसा हवा, आणि उपचारातच जीव जाण्याची जोखीम पत्करायची तयारी हवी.

निफाड तालुक्यात गव्हात तणनाशक मारणाऱ्याला पुढची गोष्ट चटकन समजेल. ग्लायफोसेट मारलं तर हिरवं ते सगळं जळतं. टू-फोर-डी मारलं तर रुंद पानाचा चंदनबटवा करपतो आणि गहू उभा राहतो. जुनी किमो पहिल्या जातीची: भराभर वाढणारी पेशी दिसली की मार, मग ती कॅन्सरची असो, केसांच्या मुळाची असो की आतड्याच्या अस्तराची. स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या सीबा-गायगी कंपनीत ॲलेक्स मॅटर, निकोलस लायडन आणि रसायनतज्ज्ञ युर्ग झिमरमन यांना दुसऱ्या जातीचं औषध हवं होतं, एकाच विकराला अडवणारं. झिमरमन यांनी रेणूवर एकेक बदल करत असा रेणू घडवला, की तो बीसीआर-एबीएलच्या ज्या खोबणीत एटीपी बसतो तिथे जाऊन बसतो. एटीपीला जागा नाही, फॉस्फेट नाही, निरोप नाही. वाढीचा हुकूम बंद पडल्यावर ती पेशी मरते. हाच तो इमॅटिनिब.

आता ज्याने टू-फोर-डी मारलं त्याला वाराही बघावा लागतो. फवारा शेजारच्या द्राक्षबागेवर गेला तर पानं वेडीवाकडी होतात. इमॅटिनिबचाही थोडा फवारा शेजारी जातो. किट आणि पीडीजीएफआर नावाची दोन विकरं घडणीने एबीएलच्या जवळची, त्यांनाही ते अडवतं. सकाळी डोळ्यांभोवती येणारी सूज, पायात येणारे गोळे, मळमळ, पातळ शौच हे असे शेजारचे परिणाम. किट त्वचेच्या रंगपेशींनाही लागतं, म्हणून गोळी सुरू झाल्यावर कित्येक रुग्णांचा रंग उजळतो. लग्नाकार्यात नातेवाईक त्याचं कौतुक करतात. ते तब्येत सुधारल्याचं लक्षण नाही आणि बिघडल्याचंही नाही. औषध अंगात पोहोचत असल्याची ती एक खूण आहे.

कंपनीत या रेणूबद्दल उत्साह बेताचाच होता. रुग्ण थोडे, म्हणजे बाजार लहान. सीबा-गायगी आणि सँडोझ १९९६ मध्ये एकत्र होऊन नोव्हार्टिस झाली, त्या धामधुमीत तो मागे पडण्याची भीती होती. पोर्टलंडचे डॉक्टर ब्रायन ड्रकर त्यामागे लागून राहिले. माणसांवरच्या चाचण्या जून १९९८ मध्ये सुरू झाल्या. इंटरफेरॉनला दाद न देणारे रुग्ण घेतले होते. रोज ३०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त मात्रा मिळालेल्या ५४ जणांपैकी ५३ जणांचे रक्ताचे आकडे पूर्ववत झाले, तेही बहुतेकांचे चार आठवड्यांच्या आत. औषध पुरेसं बनत नाही म्हटल्यावर मॉन्ट्रियलच्या सुझन मॅकनमारा या रुग्णबाईंनी हजारो सह्या गोळा करून कंपनीकडे पाठवल्या. अमेरिकेत १० मे २००१ रोजी मंजुरी मिळाली. पुढे १,१०६ रुग्णांच्या मोठ्या चाचणीत इमॅटिनिबने सुरुवात केलेल्यांपैकी ८३.३ टक्के रुग्ण दहा वर्षांनी हयात होते. चार-पाच वर्षांच्या हिशेबाने जगणाऱ्यांच्या आजारात एवढा पालट एका गोळीने घडवला.

मग पैशाचा प्रश्न आला. ग्लिव्हेक या नावाने भारतात आलेल्या गोळीचा महिन्याचा खर्च होता सुमारे १,२०,००० रुपये. भारतीय कंपन्या तेच औषध आठ-दहा हजारांत देऊ लागल्या. हैदराबादच्या नॅटकोची व्हीनॅट २००३ मध्ये बाजारात आली. हे शक्य झालं १९७०च्या पेटंट कायद्यामुळे. त्यात औषधाच्या कृतीला पेटंट होतं, औषधाला नव्हतं. जागतिक व्यापार कराराप्रमाणे १ जानेवारी २००५ पासून औषधालाही पेटंट देणं भाग पडलं. ते देताना संसदेने कायद्यात कलम ३(घ) घातलं: आधीच माहीत असलेल्या पदार्थाचं नुसतं नवं रूप आणलं आणि त्याने गुण वाढला नाही, तर पेटंट नाही.

नोव्हार्टिसने १९९८ मध्येच चेन्नईच्या पेटंट कार्यालयात अर्ज टाकून ठेवला होता, इमॅटिनिब मेसिलेटच्या बीटा स्फटिकरूपासाठी. त्या अर्जाच्या जोरावर २००३ मध्ये कंपनीला विक्रीचे एकाधिकार मिळाले. मद्रास उच्च न्यायालयाने काही भारतीय कंपन्यांना विक्रीपासून रोखलं. मुंबई उच्च न्यायालयाने तशी मनाई द्यायला नकार दिला. एकाच देशात एकाच गोळीबाबत दोन निर्णय, आणि मधे रोज गोळी लागणारा रुग्ण.

इथे आपल्याकडची एक संस्था उभी राहिली. मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन १९६९ पासून गरीब रुग्णांना औषधं, तपासण्या, आधार पुरवत होती. वाय. के. सप्रू यांच्या या संस्थेने अर्जाला हरकत घेतली आणि आनंद ग्रोव्हर यांच्या लॉयर्स कलेक्टिव्हने ती लढवली. रुग्णांच्या संघटनेने पेटंटच्या तांत्रिक वादात उतरून स्फटिकांच्या रचनेवर बोलायचं, हे धाडस होतं. जानेवारी २००६ मध्ये अर्ज फेटाळला गेला. कंपनीने कलमालाच आव्हान दिलं, ते २००७ मध्ये मद्रासमध्ये टिकलं नाही. शेवटी १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. आफताब आलम आणि मुंबई उच्च न्यायालयातून गेलेल्या न्या. रंजना देसाई यांच्या पीठाने कंपनीचं अपील फेटाळलं. नवं रूप शरीरात तीस टक्के जास्त शोषलं जातं, असं कंपनीचं म्हणणं. न्यायालयाने म्हटलं, औषधाच्या बाबतीत गुण म्हणजे रोगावरचा गुण. तो वाढल्याचं दाखवलेलं नाही.

कंपनीची बाजूही लिहायला हवी. मॅक्स फाउंडेशन या सेवाभावी संस्थेच्या मदतीने तिने हजारो भारतीय रुग्णांना ग्लिव्हेक फुकट दिलं. मुंबईतून विजी व्यंकटेश यांनी हे काम वर्षानुवर्षं सांभाळलं, रुग्णांचे गट बांधले, त्यांना एकमेकांशी बोलतं केलं. त्या फुकट गोळीवर जगलेली माणसं आज नातवंडं खेळवत आहेत. तरीही मला वाटतं, न्यायालयातली लढाई गरजेचीच होती. दान देणाऱ्याच्या मर्जीवर चालतं, आणि सीएमएलच्या रुग्णाला गोळी पुढची तीस-चाळीस वर्षं लागू शकते. औषधाच्या दुकानात परवडणाऱ्या दराने मिळणाऱ्या गोळीला कुणाच्या मर्जीची गरज पडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये इमॅटिनिब अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. आज भारतात अनेक कंपन्या ते बनवतात आणि महिन्याचा खर्च त्या काळाच्या मानाने खूपच खाली आला आहे. शासकीय योजनेतून ते मिळेल का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारावं. बिलं साचल्यावर विचारून उपयोग होत नाही.

पूर्वी पिंपळगावचा रुग्ण नाशिक रोडहून पंचवटी एक्स्प्रेसने दादरला उतरायचा, तिथून परळ. मुक्काम पडला तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा. आजही कित्येकांचा रस्ता तोच आहे, पण नाशिकमध्ये कॅन्सरचे डॉक्टर आणि रुग्णालयं झाल्यापासून बऱ्याच जणांचं काम जिल्ह्यातच भागतं. दवाखान्यात भरती नाही, सलाइन नाही, केस जात नाहीत. ४०० मिलिग्रॅमची एक गोळी दिवसातल्या मोठ्या जेवणानंतर, मोठा ग्लासभर पाण्याबरोबर. उपचार दिसायला एवढाच.

आणि नेमकं तिथेच घोडं अडतं. दोन महिन्यांत आकडा नॉर्मल येतो, पाणथरी उतरते, माणूस पुन्हा बाजार समितीत क्रेट उचलायला लागतो. आजार दिसत नाही, गोळीने मळमळ मात्र दिसते. मग टोमॅटोच्या हंगामात एखादी राहते. एकादशीला जेवण नाही म्हणून राहते. पाहुण्यांच्या गावी पाकीट न्यायचं राहून जातं. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात डॉक्टरांनी ८७ रुग्णांच्या बाटल्यांना झाकण किती वेळा उघडलं ते नोंदवणारं यंत्र बसवलं आणि तीन महिने मोजलं. हे सगळे गोळी चांगली लागू पडलेले रुग्ण. नव्वद टक्क्यांहून जास्त गोळ्या घेणाऱ्यांत सहा वर्षांपर्यंत आजार खोलवर दबण्याची शक्यता ९४.५ टक्के निघाली. नव्वद टक्के किंवा कमी घेणाऱ्यांत २८.४. नव्वद टक्के म्हणजे महिन्याला तीन गोळ्या चुकणं. तीनच! २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास प्रत्येक रुग्णाच्या घरात कुणीतरी वाचून दाखवावा, असं मला मनापासून वाटतं. अर्धवट दाबलेल्या आजारात बीसीआर-एबीएलला आपली घडण बदलायला सवड मिळते. टी३१५आय नावाचा एक बदल असा आहे की इमॅटिनिबच काय, त्यानंतर आलेली डॅसॅटिनिब आणि निलोटिनिबही त्या खोबणीत बसू शकत नाहीत. मग पोनॅटिनिब किंवा ॲसिमिनिबसारखी औषधं शोधावी लागतात आणि खर्च पुन्हा डोंगराएवढा होतो.

म्हणून गोळीची आठवण करून देण्याचं काम घरातल्या एका माणसाकडे असावं. रात्रीचं ताट उचलताना सुनेने “नाना, गोळी झाली का?” विचारणं हाही उपचाराचाच भाग आहे. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी किंवा दूध-केळ्याबरोबर गोळी चालते. निर्जळी उपवास मात्र या माणसाने सोडून द्यावा, आणि घरच्या वडीलधाऱ्यांनीच तसं सांगावं. गोळी उलटून पडली तर लगेच दुसरी घेऊ नये.

इमॅटिनिब यकृतातल्या ज्या विकराने मोडतं, त्याच विकरावर आणखी बरीच औषधं आणि काही फळं काम करतात. टीबीचं रिफॅम्पिसिन ते विकर इतकं वाढवतं की इमॅटिनिबची रक्तातली मात्रा पार खाली येते. टीबी निघाला तर टीबीच्या डॉक्टरला सीएमएलची गोळी दाखवायलाच हवी. उलट ग्रेपफ्रूट ते विकर दाबतं आणि औषध अंगात साचतं. हे फळ पपनसाच्या कुळातलं, पपनसही टाळावं. आपल्या थॉमसन किंवा सोनाकाच्या द्राक्षाशी त्याचा संबंध नाही. बागाईतदाराने स्वतःच्या बागेचा घड खुशाल खावा.

गर्भारपणात ही गोळी चालत नाही, बाळाला धोका असतो. आपल्याकडे रुग्ण तरुण असल्यामुळे हा विषय लाजेखातर मागे राहता कामा नये. नव्याने लग्न झालेल्या मुलीने दिवस राहण्याआधी डॉक्टरांशी बोललं तर मार्ग निघतो. आजार पुरेसा दबलेला असेल तर गोळी काही काळ थांबवून, लक्ष ठेवून बाळंतपण पार पडलेली उदाहरणं आहेत. दिवस राहिल्यावर घाबरून परस्पर गोळी बंद करणं, किंवा कुणाला न सांगता चालू ठेवणं, दोन्ही वाईट.

सीबीसी नॉर्मल आला म्हणजे काम संपलं, असंही नाही. रक्तातलं बीसीआर-एबीएल मोजायला पीसीआर तपासणी लागते. तीन महिन्यांनी ते दहा टक्के किंवा खाली, सहा महिन्यांनी एक टक्क्याच्या आत, वर्षाने ०.१ टक्क्यापर्यंत यावं अशी अपेक्षा असते. ही तपासणी गोळीपेक्षा महाग वाटते आणि म्हणून टाळली जाते. ती टाळणाऱ्या रुग्णाला आजार परत वर येतोय हे महिनोन्‌महिने उशिरा कळतं.

गोळी कधी सुटते का? फ्रान्समध्ये ज्यांच्या रक्तात दोन वर्षांहून अधिक काळ बीसीआर-एबीएल सापडलंच नव्हतं, अशा शंभर रुग्णांची गोळी थांबवली गेली. २०१० पर्यंत ज्यांच्यावर वर्षभर लक्ष ठेवता आलं त्या ६९ जणांपैकी ४१ टक्क्यांचा आजार उलटला नाही. ज्यांचा उलटला, त्यांचा बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत, आणि गोळी पुन्हा सुरू केल्यावर तो दबला. पण ही सूट वर्षानुवर्षं नेमाने गोळी घेणाऱ्यालाच, आणि सुरुवातीला दर महिन्याला पीसीआर करण्याच्या अटीवर. पिंपळगावच्या रुग्णाने त्यामुळे आधी याची चौकशी करावी की नमुना नाशिकला घेऊन मुंबईच्या चांगल्या प्रयोगशाळेत वेळेत पोहोचतो का. जांभळ्या झाकणाच्या नळीतलं हे रक्त गोठवायचं नसतं, आणि त्यातला आरएनए लवकर मोडतो. शुक्रवारी दुपारनंतर दिलेला नमुना शनिवार-रविवारी कुरिअरच्या कार्यालयात पडून राहिला तर आकडा चुकीचा कमी येऊ शकतो. सोमवार ते बुधवार, सकाळच्या वेळेत रक्त द्यावं आणि दर वेळी एकाच प्रयोगशाळेकडे पाठवावं, म्हणजे मागचा आणि आताचा आकडा शेजारी ठेवून पाहता येतो.